ट्रीटमेंट चालू आहे, दिवस राहिलेत: ऑफिसात कोणाला, कधी आणि किती सांगायचं

एचआरच्या खुर्चीत बसून मी हे संभाषण बऱ्याचदा ऐकलं आहे. बिघडतं तेव्हा ते बहुतेक एकाच पद्धतीने बिघडतं. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) चालू असल्याचं कँटीनमधल्या तीन मैत्रिणींना माहीत असतं, मॅनेजरला नसतं. त्याला दिसतो सोमवारी उशीर, बुधवारी उशीर आणि शुक्रवारी ‘जरा बरं वाटत नाहीये’. अप्रेझलमध्ये त्याचंच ‘कामात लक्ष नाही’ होतं, आणि त्यानंतर खरं कारण सांगितलं तर ती सबब वाटते.

याच्या उलट चूकही तितकीच होते. एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) किती आला, रिपोर्ट कोणाचा खराब आहे, सासूबाई काय म्हणाल्या, सगळं सांगून होतं. नेमकं काय हवंय तेवढं राहून जातं. मॅनेजर मनापासून ‘काळजी घे’ म्हणतो आणि सकाळी नऊची मीटिंग नऊलाच राहते.

ऑफिसला तुमचं निदान लागत नाही. त्यांना तारखा आणि कामाची सोय लागते. तेवढं स्पष्ट आणि लेखी सांगितलं की बाकीचं स्वतःपाशी ठेवायला तुम्ही मोकळ्या. पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या.

## १. तोंड उघडण्याआधी कागद वाचा

नेमणूकपत्र, रजेचे नियम आणि मेडिक्लेमची पॉलिसी काढा. पॉलिसीचं दोन पानी माहितीपत्रक पुरत नाही, पूर्ण पॉलिसी मागवा. ‘घरच्यांचं कव्हर बघायचंय’ एवढं कारण पुरतं, कोणी जास्त विचारत नाही. त्यात प्रसूतीचा खर्च किती मर्यादेपर्यंत आहे, वंध्यत्वावरचे उपचार वगळलेत का आणि बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, हे बघा. आयव्हीएफचा खर्च बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेला असतो. हे पैसे भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता कायदा, कामापुरता:

- दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसांना आणि दुकानांना प्रसूती लाभाचा कायदा लागू होतो. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे.
- अट एकच: अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. ‘प्रोबेशनवर आहेस, तुला लागू नाही’ हे उत्तर चुकीचं आहे.
- ईएसआयसी, म्हणजे कर्मचाऱ्यांचा सरकारी विमा, कापली जात असेल (पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये), तर पैसे कंपनी देत नाही, ईएसआयसी देते. तिथले कागद वेगळे असतात.
- कंत्राटावर असाल तरी हक्क आहे. रजेच्या मधेच कंत्राट संपलं म्हणून लाभ तोडता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात सांगितलं.
- राज्य सरकारच्या नोकरीत सेवानियम चालतात, तिथे रजा १८० दिवसांची.

१९६१ चा जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. आठवड्यांचे आकडे तेच आहेत. कलमांचे क्रमांक मात्र बदलले, त्यामुळे अर्जात जुना क्रमांक ठोकून देऊ नका.

सावधान: आयव्हीएफ किंवा आययूआयसाठी (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार) खासगी नोकरीत वेगळी कायदेशीर रजा नाही. कंपनीच्या धोरणात असेल तर मिळेल, नसेल तर सीएल (किरकोळ), एसएल (आजारपणाची), पीएल (साठलेली) या रजांतूनच भागवावं लागतं. ‘माझा हक्क आहे’ म्हणून बोलायला जाऊ नका, मागणी म्हणून जा. सूर बदलला की उत्तरही बदलतं.

## २. तारखांचा तक्ता बनवा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. डॉक्टरांकडून पुढच्या सायकलचा, म्हणजे उपचाराच्या एका फेरीचा, कच्चा आराखडा लिहून घ्या. आयव्हीएफमध्ये तो साधारण असा असतो:

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी होते आणि इंजेक्शनं सुरू होतात. ती १० ते १२ दिवस चालतात. मधे दर दोन-तीन दिवसांनी फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीजांची वाढ बघणारी सोनोग्राफी असते. ही बहुधा सकाळची. तपासणी दहा मिनिटांची आणि रांग दीड तासाची. बीजं तयार झाली की ट्रिगरचं इंजेक्शन, आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन एग पिकअप, म्हणजे बीजं बाहेर काढणं. ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) फ्रेश असेल तर त्यानंतर तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी. फ्रोझन (गोठवलेला गर्भ) असेल तर पुढच्या एखाद्या पाळीत, दोन-तीन आठवडे औषधं घेऊन गर्भाशयाचं अस्तर तयार झाल्यावर. ट्रान्सफरनंतर सुमारे दोन आठवड्यांनी बीटा एचसीजीची रक्ततपासणी, दिवस राहिले का ते सांगणारी.

म्हणजे ऑफिसच्या हिशेबात चार ते सहा सकाळी, पिकअपचा एक पूर्ण दिवस, दुसरा हाताशी राखलेला आणि ट्रान्सफरचा एक. एवढंच. ‘दोन महिने ट्रीटमेंट आहे’ असं ऐकल्यावर मॅनेजरच्या पोटात गोळा येतो. हा हिशेब समोर ठेवला की गोळा विरघळतो.

अडचण एकच आहे: पिकअपचा दिवस जेमतेम दोन दिवस आधी कळतो. म्हणून तारीख सांगू नका, पट्टा सांगा: ‘९ ते १४ च्या दरम्यान एक पूर्ण दिवस लागेल, कोणता ते दोन दिवस आधी कळवते.’ अमुकच तारीख म्हणून सांगून ती हलली की तुमच्या शब्दाला धक्का बसतो, आणि ती हलतेच.

आययूआय असेल तर तक्ता बराच लहान होतो. नवऱ्याच्या तपासण्या आणि पिकअपच्या दिवशी त्याची हजेरी याच तक्त्यात लिहा. त्याच्या ऑफिसला कोणीच काही सांगत नाही, आणि मग ऐन सकाळी त्याचा क्लायंट कॉल निघतो.

तपासा:

- ट्रिगर ठरलेल्या वेळेलाच घ्यावं लागतं आणि ती वेळ बहुधा रात्रीची असते. अमेरिकेच्या टीमबरोबर रात्रीचे कॉल असतील तर पिकअपच्या संभाव्य पट्ट्यातल्या सगळ्या रात्री मोकळ्या करून ठेवा.
- काही इंजेक्शनं २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागतात. पँट्रीच्या फ्रिजमध्ये डब्यांशेजारी ठेवली तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत मजल्याला बातमी कळते. थंड पाऊच आणा आणि स्वतःजवळ ठेवा.
- मेडिकल सर्टिफिकेटचं लेटरहेड बघा. वर ठळक अक्षरांत ‘टेस्ट ट्यूब बेबी सेंटर’ छापलेलं असेल, तर खाली डॉक्टरांनी नुसतं ‘उपचार चालू’ लिहून उपयोग नाही. नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ उपचारात सहभागी असतील तर त्यांचं सर्टिफिकेट चालेल का, ते आधीच विचारा.

इंजेक्शनांच्या काळात किंवा पिकअपनंतर पोट खूप फुगलं, धाप लागली, उलट्या थांबेनात, तर आधी डॉक्टरांना फोन करा. रजेचा मेल नंतर.

## ३. किती सांगायचं, ते घरी ठरवा

सांगण्याच्या तीन पायऱ्या धरा. पहिली: ‘वैद्यकीय उपचार चालू आहेत, पुढचे सहा आठवडे अधूनमधून सकाळी उशीर होईल.’ दुसरी: ‘फर्टिलिटी ट्रीटमेंट घेतेय.’ तिसरी: रिपोर्ट, कारणं, कितवी सायकल.

तिसरी पायरी ऑफिसात कोणालाही लागत नाही. कारण नवऱ्याकडचं असेल तर ती माहिती त्याचीही आहे, त्याला विचारल्याशिवाय तुम्ही ती सांगायची नाही. पहिली आणि दुसरी यातून निवडायचं झालं, तर मॅनेजर बऱ्यापैकी माणूस असल्यास मी दुसरी सुचवेन. पहिलीवर सहा आठवडे काढले की लोक स्वतःच निदान करतात, आणि आपल्याकडच्या ऑफिसांची कल्पनाशक्ती थेट कॅन्सरपर्यंत जाते. मॅनेजर खवचट असेल, किंवा सासरकडचं कोणी त्याच बँकेत नाहीतर शाळेत असेल आणि घरी अजून बोलणं झालं नसेल, तर पहिलीवरच थांबा.

ठरवलेलं वाक्य घरी मोठ्याने दोनदा म्हणून बघा. पहिल्यांदा म्हणताना डोळ्यांत पाणी येतं, ते घरीच येऊन गेलेलं चांगलं.

## ४. पहिला माणूस चुकवू नका

जो तुमची रजा मंजूर करतो, त्याला आधी कळलं पाहिजे. शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण कितीही जिवाभावाची असली तरी तिचा नंबर दुसरा. ही बातमी मॅनेजरला तिसऱ्याकडून कळली तर त्याला वाईट वाटतं ते ट्रीटमेंटचं नाही, आपल्याला डावललं याचं. पुढे त्याचा राग रजेवर निघतो.

एचआरला त्याच दिवशी, नंतर सांगा. मॅनेजरबद्दल भरवसा नसेल तर क्रम उलटा. छोट्या ऑफिसात मालक, शाळेत मुख्याध्यापिका. पुरुष बॉसला हे कसं सांगायचं, असा प्रश्न नेहमी येतो. मी बघितलंय त्यात वय वाढलेले पुरुष बॉस पहिली दोन मिनिटं अवघडतात, मग सरळ तारखा विचारतात. काही बायकाच ‘आम्ही नव्हतो का नोकऱ्या सांभाळून केलं’ म्हणून तासभर ऐकवतात. तेव्हा बाई आहे म्हणजे समजून घेईल, हे गृहीत धरू नका.

## ५. प्रत्यक्ष बोलणं

वीस मिनिटांची वेळ मागा: ‘एक वैयक्तिक गोष्ट बोलायची आहे, कामाच्या नियोजनाशी संबंधित आहे.’ हा दुसरा भाग जरूर जोडा, नाहीतर समोरच्याला राजीनाम्याची धास्ती बसते. लिफ्टमध्ये, चॅटवर किंवा शुक्रवारी संध्याकाळी निघतानिघता हा विषय काढू नका.

बोलण्याचा क्रम: काय आहे, किती दिवस, मला काय हवंय, मी काय सोय केली आहे, आणि शेवटी हे कोणापर्यंत जावं.

‘सर, मी आणि माझे मिस्टर फर्टिलिटी ट्रीटमेंट घेतोय. पुढच्या पाळीपासून साधारण पाच-सहा आठवडे. त्यात पाच-सहा दिवस मी साडेनऊऐवजी साडेअकराला येईन आणि दोन-तीन पूर्ण दिवस लागतील. त्या सकाळचा स्टेटस कॉल प्राची घेईल, तिला रिपोर्ट आदल्या रात्री देऊन ठेवीन. कारण मात्र तुमच्या-माझ्यातच राहू दे. टीमला “डॉक्टरकडे जाते” एवढंच माहीत असेल.’

इथे थांबा. शांतता भरून काढायला पुढचं बोलायला लागलात की तिसरी पायरी सुरू होते.

उत्तरं ठराविक येतात. ‘अगं, टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल’ यावर ‘हो सर. मग त्या सकाळचं कसं करायचं?’ म्हणून तारखांवर परत या. ‘माझ्या वहिनीला नाशिकच्या एका वैद्यांचा गुण आला’ यावर ‘नंबर पाठवा’ म्हणा आणि सोडून द्या. ‘मग तो नवीन प्रोजेक्ट दुसऱ्या कोणाला देऊ का?’ हा प्रश्न दिसतो काळजीचा, पण तुमच्या वर्षभराच्या कामावर परिणाम करतो. त्याला तिथल्या तिथे उत्तर द्या: ‘नको, मला तो करायचा आहे. एखाद्या आठवड्यात जमणार नसेल तर मी आधी सांगेन.’ घरी जाऊन विचार करून सांगते म्हणालात, की संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्याच्या नावावर असतो.

सावधान: दोन वाक्यं टाळा. ‘सॉरी, माझ्यामुळे त्रास होतोय’ आणि ‘कामावर अजिबात परिणाम होणार नाही’. पहिल्याने तुम्ही गुन्हेगार ठरता. दुसरं खोटं ठरणार आहे.

## ६. त्याच दिवशी मेल

तोंडी बोलणं तीन महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं. ऑफिस सुटण्याआधी चार ओळी पाठवा:

‘आज बोलल्याप्रमाणे, वैद्यकीय उपचारांसाठी ५ तारखेपासून सुमारे सहा आठवडे काही दिवस मला यायला सकाळचे ११.३० वाजतील, आणि दोन ते तीन दिवस पूर्ण रजा लागेल. पूर्ण दिवसाची तारीख शक्य तितकी आधी, किमान एक दिवस आधी कळवीन. त्या काळातल्या सकाळच्या कॉलची सोय सोबत जोडली आहे. ही माहिती गोपनीय ठेवावी ही विनंती.’

मेलमध्ये ‘फर्टिलिटी’ हा शब्द नाही, तो मुद्दाम वगळला आहे. मेल पुढे पाठवले जातात. रजेच्या पोर्टलवर कारणाच्या रकान्यातही ‘वैद्यकीय’ एवढंच लिहा. काही ठिकाणी ते कारण टीमच्या कॅलेंडरवर जसंच्या तसं उमटतं. कॅलेंडरमधल्या डॉक्टरच्या नोंदी ‘प्रायव्हेट’ करा.

तपासा: मॅनेजरचं ‘ओके’ लेखी आलं का? तीन दिवसांत आलं नाही तर त्याच मेलखाली एक ओळ: ‘आपली हरकत नाही असं धरून चालते.’

## ७. दिवस राहिल्यावर

तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही आपली रीत ऑफिससाठीही बरी चालते. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान एनटी स्कॅन (बाळाच्या वाढीतले दोष बघणारी सोनोग्राफी) होतो, तो नीट आला की सांगा. पण नाइट शिफ्ट, तासन्‌तास उभं राहणं, लॅबमधली रसायनं, एक्स-रे, घाटातून रोजचा प्रवास यातलं काही कामात असेल, तर पहिला रिपोर्ट आला की लगेच सांगा. तिथे वाट बघण्यात अर्थ नाही.

अप्रेझल तोंडावर आलं असेल तर? माझं मत: रेटिंग झालेल्या वर्षाच्या कामाचं आहे, ते लेखी हातात येईपर्यंत थांबायला हरकत नाही. पुढच्या नऊ महिन्यांचं एखादं काम कबूल करायची वेळ आली, तर मात्र आधी सांगा.

मग रजेची लेखी नोटीस. त्यात अपेक्षित तारीख, रजा कधीपासून, आणि तुमच्या पश्चात पैसे कोणाला द्यायचे त्याचं नाव. डॉक्टरांचा दाखला जोडा. नोटीस आधी द्यायची राहिली आणि बाळ लवकर आलं, तरी प्रसूतीनंतर देता येते, हक्क जात नाही. लाभाची रक्कम रजेआधीच्या तीन महिन्यांत काम केलेल्या दिवसांच्या सरासरी वेतनावर निघते.

हँडओव्हर सातव्या महिन्यातच लिहून ठेवा. आठव्यात डॉक्टर कधी ‘उद्यापासून बेडरेस्ट’ म्हणतील सांगता येत नाही. आणि ओटीभरणाचा फोटो स्टेटसवर जाण्याआधी टीमला तुमच्या तोंडून कळलेलं असू द्या.

सावधान: रजेवर असताना त्या कारणाने कामावरून काढणं किंवा अटी बदलणं बेकायदा आहे. ‘तूच राजीनामा दे, नंतर परत घेऊ’ अशी गोड ऑफर आली तर सही करू नका, ती मेलवर मागा. बहुधा मेल येत नाही.

नोकरी बदलत असाल, तर ८० दिवसांची अट नव्या मालकाकडे नव्याने मोजली जाते. ऑफर स्वीकारण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा. जॉइन होतानाच्या वैद्यकीय तपासणीचे नियमही वाचा. स्टेट बँकेने तीन महिन्यांहून जास्त गरोदर उमेदवारांना तात्पुरतं अपात्र ठरवणारा नियम आणला होता. ओरड झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तो मागे घेतला.

## ८. बीटा निगेटिव्ह आला किंवा गर्भपात झाला

निगेटिव्ह रिपोर्टसाठी कायद्यात रजा नाही. म्हणून तक्ता करतानाच रिपोर्टनंतरचे दोन दिवस पीएलचे राखून ठेवा. पॉझिटिव्ह आला तर रद्द करायला एक मिनिट लागतं. मॅनेजरला एक ओळ पुरते: ‘या वेळी जमलं नाही. सोमवारी येते. त्याबद्दल सध्या बोलायला नको.’

गर्भपाताचं वेगळं आहे, आणि इथे बायका स्वतःचंच नुकसान करून घेतात. दोन दिवस एसएल टाकून तिसऱ्या दिवशी कामावर हजर. कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि व्याख्येत २६ व्या आठवड्यापर्यंतचा कोणताही गर्भपात येतो. सातव्या आठवड्यातलाही. कायदेशीर गर्भपात करून घ्यावा लागला असेल तरी हीच रजा. त्यातून आजारपण उद्भवलं तर आणखी एक महिन्यापर्यंत मिळते. डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. तो त्याच दिवशी, नवऱ्याला नाहीतर बहिणीला सांगून घ्यायला लावा. चार दिवसांनी तुम्हाला त्या दवाखान्यात पाय ठेवावासा वाटणार नाही.

समोरच्या खुर्चीत तुम्ही मॅनेजर म्हणून असाल, तर ‘पुन्हा कधी ट्राय करणार?’ हे विचारू नका. ‘कामाचं मी बघतो, तू ठरलेल्या दिवशी ये’ एवढं म्हणा, आणि खरंच बघा.

## ९. परत येताना

रुजू व्हायच्या तीन आठवडे आधी मेल टाका, एकाच मेलमध्ये सगळं विचारा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि दिवसात चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दुधासाठी दोन वेळा सुट्टी मिळते. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करता येतं, पण ते दोघांच्या संमतीने, हक्काने नाही. म्हणून किती दिवस, किती महिने, हे लेखी ठरवून घ्या.

दूध काढायला खोली कोणती, तिला आतून कडी आहे का, हे आधी जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी ‘आहे की सिक रूम’ असं उत्तर मिळतं आणि आत सर्व्हरची खोकी रचलेली असतात. दुधासाठी मात्र पँट्रीचाच फ्रिज वापरा, डब्यावर नाव आणि तारीख टाकून. कॅलेंडरवर ११ आणि ४ चे ब्लॉक पहिल्याच सकाळी टाका. एकदा त्या वेळेत मीटिंगा बसल्या की हलवायला महिना जातो.